हाड बसले, पण खांदा बरा झाला का? निखळणाऱ्या खांद्याची तीन हजार वर्षांची गोष्ट



गेल्या महिन्यात ओपीडीत एक वडील आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला जातो. परतताना पकड झाली, हात मागे ओढला गेला आणि उजवा खांदा निखळला. गावातल्या एका जाणत्या माणसाने तो मैदानावरच बसवून दिला. दोन दिवसांत दुखणे कमी झाले. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "डॉक्टर, हाड तर बसलंय. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. तिथं खेळला तर सर्टिफिकेट मिळतं, भरतीत उपयोग होतो. खेळू दे ना त्याला?"

कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, व्हॉलीबॉल, मल्लखांब, खेळ कोणताही असो, हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकायला मिळतो. उत्तर दोन वाक्यांत देता येते, पण ती दोन वाक्ये लोकांना पटत नाहीत. म्हणून आज तुम्हाला या प्रश्नाचा इतिहास सांगतो. खांदा बसवण्याची कला माणसाला फार पूर्वीच साधली. एकदा निखळलेला खांदा पुन्हा का निखळतो, हे कळायला मात्र आणखी तीन हजार वर्षे लागली. हा फरक समजला, की डॉक्टरकडे कधी जायचे हे तुम्हाला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

खांदा इतका सहज का निखळतो?

आधी सांध्याची रचना पाहू. खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. खांद्याचे तसे नाही. इथे दंडाच्या हाडाचे गोल डोके मोठे आहे आणि ते ज्या खोबणीला टेकते ती उथळ आणि लहान आहे. छोट्या बशीवर मोसंबे ठेवावे, तसा हा प्रकार. त्यामुळेच आपला हात वर, मागे, बाजूला, गोल असा सगळीकडे फिरतो. शरीरातला सर्वांत मोकळा फिरणारा सांधा हाच, आणि मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त निखळणाराही हाच.

मग मोसंबे बशीवरून घरंगळत का नाही? त्याला तीन गोष्टी धरून ठेवतात. पहिली, बशीच्या काठाला चिकटलेली कूर्चेची कड. तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे बशी थोडी खोल होते. दुसरी, सांध्याभोवतीची पिशवी आणि तिच्यातले अस्थिबंध. तिसरी, रोटेटर कफ नावाचे चार स्नायू, जे हात हलताना डोक्याला खोबणीकडे ओढून धरतात. या तिन्ही गोष्टी साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. आपल्या गोष्टीतला सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

इजिप्त, ग्रीस आणि सुश्रुत

इजिप्तमधल्या देर अल-मदिना इथे इपुय नावाच्या कारागिराची कबर आहे. तो रामसेस दुसरा या राजाच्या काळातला, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांच्या आसपासचा. कबरीतल्या एका चित्रात बांधकामाच्या जागेवरचे अपघात रंगवले आहेत. त्यात एका मजुराचा हात धरून दुसरा माणूस त्याचा खांदा बसवताना दिसतो. ही पद्धत आधुनिक काळातल्या एका प्रसिद्ध पद्धतीशी इतकी जुळते, की १९६८ मध्ये एका शल्यविशारदाने त्यावर शोधलेखच लिहिला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचा आणि सुटलेल्या सांध्यांचा स्वतंत्र विचार आहे. सांधा सुटण्याचे सहा प्रकार तिथे सांगितले आहेत. खांद्यासाठीचा उपाय तर आपल्या स्वयंपाकघरातला आहे. काखेत मुसळ घालून खांदा वर उचलावा आणि जागेवर बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा. म्हणजे उचला, बसवा, बांधून ठेवा. तत्त्व म्हणून यात आजही चूक काढता येत नाही.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथांमध्ये सांध्यांवर एक पूर्ण ग्रंथ आहे. त्यात खांदा बसवण्याच्या अनेक पद्धती आहेत. काखेत टाच रोवून हात ओढण्याची पद्धत त्यातलीच. शिडीच्या पायरीवरून किंवा दाराच्या फळीवरून हात ओढण्याच्याही आहेत. पण मला महत्त्वाचा वाटतो तो याच ग्रंथातला दुसरा भाग. काहींचा खांदा पुन्हा पुन्हा निखळतो, त्यामुळे चांगल्या ताकदीच्या माणसांनाही व्यायाम आणि स्पर्धा सोडाव्या लागतात आणि युद्धात हात न चालल्याने काही जण जिवाला मुकतात, असे त्यात नोंदवले आहे.

म्हणजे खेळाडूचा खांदा वारंवार निखळतो आणि त्यात त्याचे करिअर संपते, ही गोष्ट तेव्हाही डोळ्यांपुढे होती. त्यावरचा उपाय भयंकर होता. काखेतली कातडी चिमटीत धरून तिच्यातून तापलेली लोखंडी सळई आरपार घालायची. जखम भरताना जो घट्ट व्रण होईल, त्याने डोके ज्या पोकळीत घसरते ती पोकळी बंद होईल, हा त्यामागचा विचार. इतर वैद्य खांद्याच्या वरून आणि मागून डाग देतात त्यावर त्याने टीकाही केली आहे. डोके खाली काखेकडे घसरत असेल, तर वरून डाग देऊन उलट ते खालीच ढकलले जाईल, असे त्याचे म्हणणे.

या उपायाचे आज कोणी नाव काढणार नाही. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. डोके कुठल्या बाजूला घसरते, तिथे काय सैल झाले आहे आणि ते घट्ट कसे करायचे? उत्तर मिळाले नाही, कारण जिवंत माणसाच्या खांद्यात आत डोकावण्याची सोय नव्हती.

बसवण्याची कला पूर्ण झाली, तरी प्रश्न उरला

१८७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थिओडोर कोखर या तरुण शल्यविशारदाने फार ओढाताण न करता, कोपर वाकवून हात ठरावीक क्रमाने फिरवत खांदा बसवण्याची पद्धत मांडली. इजिप्तच्या चित्राशी जुळणारी पद्धत ती हीच. पुढे १९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळाले, पण ते थायरॉइडवरच्या कामासाठी.

१८९५ मध्ये रोंटजेन यांनी एक्स-रे शोधला आणि एक मोठी गोष्ट कळू लागली. निखळलेल्या खांद्यासोबत अनेकदा हाडाचा तुकडाही मोडलेला असतो. मोडलेले हाड तसेच ओढले, तर मोड वाढू शकते. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्यांनाही इजा होऊ शकते.

इथे आपल्या तालमींविषयी आणि हाडवैद्यांविषयी दोन शब्द. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या खांदे बसवले आहेत आणि त्यांच्या हातात कला आहे, हे मी नाकारत नाही. पण ती कला इपुयच्या चित्रातली आणि सुश्रुतांच्या मुसळाची आहे. वस्तादांना बाहेरून हाड मोडले आहे की नाही ते दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही. म्हणून मीही आधी खांद्याच्या बाहेरच्या बाजूची संवेदना तपासतो, मनगटाची नाडी बघतो, एक्स-रे काढतो आणि मग हात लावतो. तेही वेदना कमी करणारे औषध देऊन, स्नायू सैल पडल्यावर.

एवढे करून खांदा अगदी व्यवस्थित बसवला, तरी तो पुन्हा निखळतच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक शल्यविशारदांची समजूत अशी होती, की सांध्याची पिशवी सैल झाली आहे. म्हणून ते ती दुमडून शिवत किंवा कमी करत. खांदे तरी निखळत राहिले.

बँकार्ट यांना काय दिसले

१९२३ मध्ये लंडनचे शल्यविशारद आर्थर ब्लंडेल बँकार्ट यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. वारंवार निखळणारे खांदे उघडून पाहिल्यावर त्यांना पिशवीच्या सैलपणापेक्षा वेगळीच गोष्ट दिसली. बशीची पुढची कड, म्हणजे लॅब्रम, हाडापासून सुटलेली होती. जर्मनीतल्या गेओर्ग पेर्थेस यांनी १९०६ मध्ये असेच निरीक्षण मांडून ती कड पुन्हा जोडली होती, पण ते फारसे पसरले नाही. बँकार्ट यांनी मात्र हेच मूळ दुखणे आहे असे ठामपणे सांगितले. १९३८ मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांचा पुढचा अनुभवही प्रसिद्ध केला. आजही या दुखापतीला 'बँकार्ट लिजन' आणि ती दुरुस्त करण्याला 'बँकार्ट रिपेअर' म्हणतात.

त्यांचे तर्कशास्त्र तुम्हीही समजून घ्या. डोके पुढे घसरताना काठाची कड उखडते. खांदा बसवला की डोके जागेवर जाते, पण कड आपोआप जागेवर जाऊन चिकटतेच असे नाही. ती अनेकदा थोडी खाली सरकून भलतीकडे भरून येते. बशीचा काठ गेला. पुढच्या वेळी हात वर आणि मागे गेला, चेंडू फेकताना किंवा पकड सोडवताना, की डोके त्याच वाटेने पुन्हा घसरते. दुखणे थांबणे आणि कड जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "हाड बसलंय" हे वाक्य त्यातल्या कशाचीच खात्री देत नाही.

१९४० मध्ये हिल आणि सॅक्स या अमेरिकी एक्स-रे तज्ज्ञांनी दुसरी बाजू दाखवली. निखळलेले डोके बशीच्या कठीण काठावर आपटते, तेव्हा डोक्याच्या मागच्या भागाला खड्डा पडतो. पुन्हा पुन्हा निखळले तर खड्डा मोठा होतो आणि बशीचा हाडाचा काठही झिजतो. प्रत्येक निखळणे पुढच्या निखळण्याची वाट सोपी करते.

वय इतके महत्त्वाचे का?

१९५६ मध्ये बोस्टनच्या कार्टर रो यांनी सुमारे पाचशे निखळलेल्या खांद्यांचे पुढे काय झाले ते प्रसिद्ध केले. विशीच्या आतल्या रुग्णांमध्ये दहापैकी आठांहून जास्त खांदे पुन्हा निखळले होते. चाळिशीनंतर हे प्रमाण फारच कमी होते. तरुणपणी लॅब्रम उखडतो. वय वाढल्यावर मात्र बऱ्याचदा लॅब्रमऐवजी रोटेटर कफचे स्नायू फाटतात. म्हणून पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा खांदा पुन्हा निखळला नाही, तरी त्याला हात वर उचलता येत नसेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नसते.

पण तरुणांनी यावरून घाबरून लगेच शस्त्रक्रियेकडे धावावे का? स्वीडनमध्ये लेनार्ट होव्हेलियस आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ पासून १२ ते ४० वयाच्या रुग्णांचे अडीचशेच्या वर खांदे पुढे पंचवीस वर्षे तपासले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, हात झोळीत तीन-चार आठवडे बांधून ठेवला काय किंवा दुखणे कमी होताच मोकळा केला काय, पुन्हा निखळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दुसरी, पंचवीस वर्षांनंतर जवळपास निम्मे खांदे असे होते, की ते पुन्हा निखळले नव्हते किंवा एकदाच निखळले होते. म्हणजे झोळी ही आरामासाठी आहे. ती कड जोडत नाही. आणि प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अठरा वर्षांची एक व्हॉलीबॉलपटू माझ्याकडे आली होती. खांदा पहिल्यांदाच निखळला होता. मी तो बसवला, तीन आठवडे झोळी दिली आणि झोळी काढल्यावर म्हणालो, "आता बिनधास्त खेळ." तिचे वय, तिचा खेळ, डोक्यावरून हात मारण्याची सवय, यातले काहीही मी तिच्याशी बोललो नाही. दीड वर्षाने ती परत आली तेव्हा खांदा पाचव्यांदा निखळला होता आणि शेवटच्या वेळी तर झोपेत कूस बदलताना. तिला दोष देता येत नव्हता. मी सांगितले तेवढेच तिने केले होते.

दुर्बीण आली, तिच्या मर्यादाही आल्या

१९८० च्या दशकात दुर्बिणीतून खांद्याची शस्त्रक्रिया रुजू लागली. मोठी चीर न घेता, लहान छिद्रांतून आत बघून बँकार्टची सुटलेली कड जोडायची. सुरुवातीला त्यासाठी धातूचे स्टेपल वापरत. ते सैल होऊन सांध्यात त्रास देत. पुढे हाडात बसणारे छोटे अँकर आणि त्यांना जोडलेले धागे आले आणि निकाल सुधारले.

तरी काही खांदे शस्त्रक्रियेनंतरही निखळत. का, याचे उत्तर २००० साली स्टीफन बर्कहार्ट आणि केपटाऊनचे जो डी बीअर यांनी दिले. डी बीअर यांच्याकडे रग्बी खेळाडू मोठ्या संख्येने येत. दुर्बिणीतून दुरुस्त केलेल्या १९४ खांद्यांचा त्यांनी अभ्यास केला. ज्यांचे हाड फारसे झिजलेले नव्हते, त्यांच्यात खांदा पुन्हा अस्थिर होण्याचे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांच्या हाडाची मोठी झीज झाली होती, त्यांच्यात ते ६७ टक्के होते. शस्त्रक्रिया तीच, फरक हाडाच्या झिजेचा.

हाड झिजलेल्या खांद्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागते. ल्यॉन शहरातले मिशेल लातार्जे यांनी १९५४ मध्ये ती मांडली. जवळच्या हाडाचा तुकडा त्याला चिकटलेल्या स्नायूंसह आणून बशीच्या पुढच्या काठाला बसवायचा. माझ्या त्या व्हॉलीबॉलपटूला शेवटी हीच शस्त्रक्रिया करावी लागली. खांदा स्थिर झाला, तिचे शिक्षण सुरळीत झाले, पण स्पर्धेतला खेळ सुटला. पहिल्या वेळीच नीट तपासणी झाली असती, तर निदान पर्याय तिच्या हातात राहिले असते.

याउलट उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले आहे. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे इथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात चेंडू अडवायला झेप घेताना मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. आयपीएलचा पहिला टप्पा त्याला सोडावा लागला. सप्टेंबरमध्ये तो मैदानावर परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पदार्पणाच्या कसोटीत त्याने शतक ठोकले. त्याच्याकडे सोयी होत्या, हे खरे. पण या गोष्टीतून घ्यायचा धडा फुकट मिळतो. दुखापत झाल्या झाल्या निर्णय आणि मग महिनोन्‌महिने व्यायाम.

न निखळताही दुखणारा खांदा

गोलंदाज, भालाफेकपटू, जलतरणपटू, बॅडमिंटनपटू यांचा खांदा अनेकदा निखळत नाही. तो हळूहळू कुरकुरतो. या खांद्याचा पाया बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी घातला. रोटेटर कफमधला फाटलेला स्नायुबंध शिवल्याचे त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. वाकून हात लोंबता ठेवून हळूहळू झुलवण्याचा जो व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्दही त्यांचाच. त्यांचा आणखी एक आग्रह होता. प्रत्येक रुग्णाला पुरेसा काळ पाहत राहावे आणि उपचाराचा खरा उपयोग झाला की नाही ते जाहीर करावे. या आग्रहापायी त्यांचे सहकाऱ्यांशी वाजले, पण आज वैद्यकशास्त्र त्याच वाटेने चालते.

१९९० मध्ये अमेरिकेतला बेसबॉलपटू ओरेल हर्शायझर याच्या खांद्यावर फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रिया केली. पुढच्या स्नायूचे तंतू आडवे न कापता त्यांच्यामधून वाट काढून सैल झालेली पिशवी घट्ट केली. तेरा महिन्यांनी तो परतला आणि २००० पर्यंत खेळला. आपल्याकडे खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे अनिल कुंबळेची २००१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची गाजलेली मालिका हुकली. त्याच्या ६१९ कसोटी बळींपैकी निम्म्याहून जास्त त्यानंतरचे आहेत. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडिजचा दौरा सोडावा लागला आणि सप्टेंबरमध्ये परतल्यावर क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ धावा केल्या.

ही नावे वाचून "मग मलाही ऑपरेशनच करा" असे म्हणू नका. इतिहासात उलटे धडेही आहेत. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर यांनी असे मांडले, की खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायुबंध घासला जातो. त्यानंतर ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर लोकप्रिय झाली. पण ब्रिटन आणि फिनलंडमधल्या अलीकडच्या चाचण्यांत काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि हाड तासले नाही. त्यांना आणि हाड तासलेल्यांना वाटलेल्या आरामात रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही. न निखळता दुखणाऱ्या बहुतेक खांद्यांना पहिल्यांदा लागतो तो विश्रांतीचा, खेळाचा ताण मोजून वाढवण्याचा आणि फिजिओथेरपीचा उपचार. तज्ज्ञाकडे जायचे ते शस्त्रक्रियेसाठी नव्हे, नेमके निदान करून घेण्यासाठी.

तर मग तज्ज्ञाकडे कधी जायचे?

*ताबडतोब, तातडीच्या विभागात:*

- खांद्याचा आकार बदललेला दिसतो, हात हलवताच येत नाही.
- खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरता, हातात मुंग्या, हात गार किंवा फिका पडणे.
- पडल्यानंतर छातीच्या मधोमध, गळ्याच्या हाडाच्या टोकाशी मार लागला आहे आणि श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होतो आहे.
- झटका (फिट) आल्यानंतर किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर खांदा दुखतो आणि हात बाहेर फिरवता येत नाही. अशा वेळी डोके मागे निखळलेले असू शकते आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेत ते सहज निसटते.
- मार लागलेला नसताना डावा खांदा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे. हे दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात आहे त्या स्थितीत ओढणीने किंवा टॉवेलने छातीशी आधार देऊन बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. कोणालाही हात ओढू देऊ नका. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून काही खायला-प्यायला देऊ नका.

*काही दिवसांत, खांद्याच्या किंवा क्रीडा दुखापतींच्या तज्ज्ञाकडे:*

- खांदा पहिल्यांदा निखळला आणि बसला, दुखणे थांबले तरीही. विशेषतः वय पंचविशीच्या आत असेल तर.
- खांदा 'निसटून परत बसल्यासारखा' वाटला, जरी पूर्ण निखळला नसला.
- पडल्यानंतर हात खांद्याच्या वर उचलता येत नाही आणि वय चाळिशीच्या पुढे आहे. फाटलेला स्नायुबंध लवकर कळला तर उपचार सोपा जातो.

*दोन ते तीन आठवड्यांत सुधारणा नसेल तर:*

- रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.
- फेकीचा वेग किंवा टप्पा कमी झाला आहे, फेकताना हात क्षणभर 'मेल्यासारखा' होतो.
- हात फिरवताना दुखण्यासह कटकट आवाज येतो किंवा हात अडकतो.
- सोळाच्या आतला मुलगा किंवा मुलगी गोलंदाजी, फेक किंवा पोहण्यानंतर खांदा दुखतो म्हणते. त्यांच्या हाडाच्या वाढीच्या भागावर ताण आलेला असू शकतो. वेदनाशामक देऊन खेळवत राहू नका.

तज्ज्ञाकडे गेल्यावर चार प्रश्न जरूर विचारा. माझ्या वयात आणि माझ्या खेळात खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता किती? हाडाची झीज आहे का, आणि ती पाहायला एमआरआय पुरेसा आहे की सीटी स्कॅनही लागेल? शस्त्रक्रिया न करता व्यायामाने काय साधेल? आणि शेवटचा प्रश्न कॉडमन यांच्या आठवणीसाठी: तुमच्या अशा रुग्णांपैकी किती जण पुन्हा खेळू लागले? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि तो कबड्डीवाला मुलगा?

मी त्याचा हात बाजूला उचलून बाहेर फिरवला, तसा तो दचकला आणि दुसऱ्या हाताने खांदा धरला. "सर, जाणार, परत जाणार!" या घाबरण्याला आमच्या तपासणीत फार अर्थ असतो. एमआरआयमध्ये पुढची कड सुटलेली दिसली. हाड मात्र जवळपास शाबूत होते.

मी दोघांनाही समोर बसवून सगळे सांगितले. या महिन्यात खेळला तर एखादे सर्टिफिकेट मिळेल, पण खांदा पुन्हा निखळला तर हाड झिजायला सुरुवात होईल आणि पुढे साधा उपाय पुरणार नाही. आत्ता थांबला तर दोन वाटा आहेत. तीन-चार महिने कसून फिजिओथेरपी करून पुन्हा तपासणी, किंवा दुर्बिणीतून कड जोडून साधारण सहा महिन्यांनी पकडीचा सराव. दोन्हीत धोका शून्य नाही. भरतीतल्या शारीरिक चाचणीलाही गोळा फेकायला धड खांदाच लागतो, हेही सांगितले.

वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलाकडे बघून म्हणाले, "यंदाची स्पर्धा राहू दे. खांदा राहिला तर स्पर्धा येतीलच." कोणती वाट घ्यायची ते घरी बोलून ठरवणार आहेत. पुढच्या आठवड्यात येतील.

तुमच्या घरात, तालमीत, कोचिंगच्या मैदानावर कोणाचा खांदा निखळला असेल आणि "बसलाय, आता काही नाही" असे म्हणून तो पुन्हा खेळत असेल, तर त्याला एकदा तपासून घ्यायला सांगा.

काळजी घ्या, खेळत राहा.